वीस टन हिराकस

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या दुकानात हिराकस मागितलं, की पहिला प्रश्न येतो, "प्लेटिंगला पाहिजे का बागेला?" माल दोघांना एकच मिळतो. फिकट हिरवे, ओलसर खडे. गोणी उघडी राहिली की वरून तांबूस पूड धरायला लागतात. प्लेटिंगवाला ते क्रोमच्या सांडपाण्यातलं विष उतरवायला नेतो. निफाड-दिंडोरीचा बागायतदार नेतो तो द्राक्षाची पानं पिवळी पडली म्हणून. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांच्या हाती लागत नाही, पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि बाकी पान पिवळं पडतं. बिलावर नाव येतं फेरस सल्फेट.

जानेवारी 2009 मध्ये 'पोलारस्टर्न' हे जर्मन संशोधन जहाज केपटाऊनहून दक्षिणेकडे निघालं, तेव्हा त्याच्या पोटात हाच माल होता. दोन हप्त्यांत समुद्रात ओतायचा, एका वेळी सुमारे दहा टन. म्हणजे शुद्ध लोखंड धरलं तर दरवेळी दोन टन. जहाजावरच्या 48 शास्त्रज्ञांपैकी निम्म्याहून जास्त भारतीय होते. दोघा प्रमुखांपैकी एक गोव्यातल्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे वाजिह नक्वी, दुसरे जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक. मोहिमेचं नाव 'लोहाफेक्स'. त्यातलं लोह आपलं, पुढचं शेपूट इंग्रजी. ध्रुवीय जीवशास्त्राच्या शब्दकोशात भारतीय भाषेतला शब्द एवढ्या ठसठशीतपणे क्वचितच बसला असेल.

ध्रुवावरचं जीवशास्त्र एकट्या देशाला का झेपत नाही आणि अनेक देशांनी मिळून केलं की त्याचं काय होतं, हे मला कुठल्याही परिषदेच्या ठरावापेक्षा या मोहिमेतून नीट कळलं. म्हणून तिच्यावर जरा जास्त रेंगाळतो.

दक्षिण महासागराचं दुखणं द्राक्षबागेसारखंच आहे. नायट्रेट भरपूर, फॉस्फेट भरपूर, उन्हाळ्यात सूर्य मावळायला तयार नाही, आणि तरीही पाण्यात वनस्पतिप्लवक विरळ. प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव. त्यातले वनस्पतीसारखे अन्न तयार करतात आणि बाकी सगळा समुद्र, कोळंबीसारख्या बारक्या क्रिलपासून निळ्या देवमाशापर्यंत, शेवटी त्यांच्यावर जगतो. जॉन मार्टिन या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या शेवटी सांगितलं, की इथे कमी आहे ती लोहाची. वाळवंटांवरून उडालेली धूळ समुद्राला लोह पुरवते, आणि अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र वाळवंटांपासून फार लांब आहे. अर्धं जहाज लोखंड द्या, मी तुम्हाला हिमयुग आणून देतो, असं मार्टिन गमतीने म्हणत. गमतीच्या आत हिशेब होता: लोह घातलं की प्लवक वाढेल, वाढताना हवेतला कार्बन खाईल, मरून खोल तळाशी जाईल, आणि तो कार्बन शतकानुशतकं वर येणार नाही.

हे मार्टिनच्या आधी कुणाला दाखवून का देता आलं नाही, याचं कारण मजेशीर आहे. समुद्रातलं लोह मोजायला जो जाई तो लोखंडी जहाजातून, लोखंडी तारेला बाटली बांधून जाई. मोजली जायची जहाजाची गंज. मार्टिनच्या गटाने नमुने घेण्याची पद्धतच धुऊनपुसून स्वच्छ केली, तेव्हा खरा आकडा सापडला आणि तो जवळजवळ नाहीसाच होता. या कामाला धातूचा स्पर्श नसलेली तार, प्लास्टिकचं वेष्टण असलेल्या बाटल्या, गाळलेल्या हवेची बंद खोली असा सगळा सरंजाम लागतो. ज्याच्याकडे हे नाही त्याने दक्षिण महासागरातल्या लोहावर बोलूच नये, इतकी साधी गोष्ट आहे. आणि वर एक बर्फ फोडणारं जहाज लागतं. तेही भारताकडे नव्हतं. आजही नाही.

मग जर्मनांकडे जहाज आणि भारताकडे माणसं, असा हा सौदा झाला का? तसं म्हणणं नक्वींवर अन्याय करणारं होईल. अरबी समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायू कमी पडतो तेव्हा नायट्रोजनचं काय होतं, यावर त्यांच्या नावाला जगात वजन होतं. स्मेटाचेकही नुसते जर्मन पाहुणे नव्हते. ते कुमाऊँमध्ये वाढलेले, वडील मध्य युरोपातून आलेले. दोन्ही संस्थांमधला करार 2007 मध्ये झाला. त्या वेळी दोनापावल्याच्या संस्थेचे संचालक सतीश शेट्ये होते.

जहाज निघालं आणि इकडे बर्लिनमध्ये वादळ उठलं. आदल्याच वर्षी, मे 2008 मध्ये, बॉन इथे जैवविविधता कराराच्या बैठकीत समुद्राला खत घालण्याच्या प्रयोगांवर निर्बंध घालणारा निर्णय झाला होता, आणि ती बैठक जर्मनीनेच भरवली होती. ऑक्टोबर 2008 मध्ये समुद्रात टाकाऊ माल टाकण्याविषयीच्या लंडन कराराच्या सदस्यांनी रस्सीत थोडी ढील दिली: खरं वैज्ञानिक संशोधन असेल तर चालेल, धंदा नको. पर्यावरण संघटनांनी ओरड केली, जर्मन पर्यावरणमंत्री सिग्मार गाब्रिएल यांनी मोहीम थांबवायला सांगितलं, संशोधनमंत्री आनेटे शावान यांनी स्वतंत्र तज्ज्ञांचं मत मागवलं. तोवर जहाज समुद्रात, वीस टन हिराकस गोण्यांत, आणि डेकवर पहिल्यांदाच दक्षिण महासागर पाहणारी भारतीय पोरं. 26 जानेवारीला परवानगी आली. आपल्या प्रजासत्ताक दिनी, हा निव्वळ योगायोग.

या प्रसंगाकडे दोन बाजूंनी पाहता येतं. भारतीय संस्थेने भागीदारीत आखलेल्या प्रयोगाचं भवितव्य बर्लिनच्या दोन मंत्र्यांच्या भांडणावर लोंबकळत होतं, हे खरं. परक्या जहाजावर चढलं की त्या घराचे कायदेही आपल्यावर लागू होतात. पण मला दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. एकट्या देशाने, आपल्या जहाजावरून, कुणाला न विचारता वीस टन लोहक्षार समुद्रात ओतले असते, तर त्याच्या निकालावर कुणी विश्वास ठेवला असता? विरोधकांनी धारेवर धरल्यामुळेच लोहाफेक्सचा आराखडा स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासला गेला.

जागा निवडली होती अटलांटिकच्या दक्षिण भागात, सुमारे 48 अंश अक्षांशावर. पाण्याचा एक मोठा भोवरा शोधून काढला, म्हणजे खत घातलेलं पाणी इकडेतिकडे पांगू नये. 300 चौरस किलोमीटरचा तुकडा; लोह पाण्यात विरघळवून जहाजाच्या मागून सोडत जायचं. 39 दिवस त्या तुकड्याचा पाठलाग केला. हरितद्रव्य दुप्पट झालं. आणि तिथेच थांबलं.

डायटम नावाचे काचेच्या कवचातले प्लवक वाढतील, ते जड असल्यामुळे भराभर खाली जातील, अशी मूळ कल्पना. 2004 मध्ये त्याच 'पोलारस्टर्न'वरच्या आयफेक्स प्रयोगात तसं झालंही होतं. तिथल्या डायटमपैकी निम्म्याहून जास्त माल हजार मीटरच्या खाली गेला. लोहाफेक्सच्या पाण्यात मात्र कवच बनवायला लागणारं सिलिका जवळपास संपलेलं होतं. लोह मिळालं तरी डायटमना घर बांधायला विटाच नाहीत. वाढले ते कवच नसलेले बारके जीव. त्यांच्यावर कोपेपॉड, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे कवचधारी प्राणी, तुटून पडले. कोपेपॉडना थेमिस्टो नावाचे कोळंबीचे दूरचे भाऊबंद खाऊ लागले. कार्बन खाली जाण्याऐवजी वरच्या वर पंगतीत वाढला गेला. खत घातलेल्या आणि न घातलेल्या पाण्यातून खाली जाणाऱ्या कार्बनमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.

वर्तमानपत्रांनी "प्रयोग फसला" असं छापलं. हवामानबदलावर स्वस्त औषध शोधणाऱ्यांच्या दृष्टीने फसलाच. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र एक फार मोठी गोष्ट हाती आली: समुद्र एकजिनसी नाही, आणि कोण वाढेल हे ठरवण्यात खाणाऱ्याचा वाटा खताइतकाच असतो. समुद्रात लोखंड ओतून कार्बनचे दाखले विकायला निघालेल्या कंपन्यांचे वारे त्यानंतर बरेच पडले, त्यात या निकालाचा हात होता असं मी समजतो. भारत-जर्मनीच्या एवढ्या गाजावाजातल्या मोहिमेने "आम्हाला हवं होतं ते झालं नाही" असं स्वच्छ लिहून छापलं. हे सोपं नसतं. एका देशाची, एका मंत्र्याची, एका संस्थेची मोहीम असती तर तो निकाल फाइलीत राहण्याची भीती अधिक होती.

दोनापावल्याची ही संस्थाच मुळात परदेशी भागीदारीच्या पोटी जन्मलेली आहे. 1960 च्या दशकात अनेक देशांची जहाजं हिंदी महासागर पिंजून काढायला निघाली होती. त्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत गोळा झालेलं प्लवक निवडण्याचं केंद्र युनेस्कोच्या मदतीने कोचीला होतं. टेबलावर बश्या, बशीत हजारो ठिपके, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक जात वेगळी करायची. त्या कामातून भारतात प्लवक ओळखणारी एक पिढी तयार झाली आणि मोहिमेच्या शेवटी, 1 जानेवारी 1966 रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली.

पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहूनच निघाली. नेते सय्यद झहूर कासिम हे स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ. 21 माणसं, आणि जहाज नॉर्वेचं, भाड्याचं: 'पोलर सर्कल'. मोहीम गुप्त ठेवली होती. परदेशी जहाज, परदेशी खलाशी, आणि तरी गुप्त! 9 जानेवारी 1982 ला पाय लागल्यावरच जगाला कळलं. भारताने अंटार्क्टिक करारावर सही केली ती ऑगस्ट 1983 मध्ये आणि पुढच्याच महिन्यात निर्णय घेणाऱ्या देशांच्या पंक्तीत त्याला पाट मिळाला.

त्याच वर्षी डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत, फिनलंडच्या 'फिनपोलारिस' जहाजावर, आदिती पंत होत्या. भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया. पंतांचा जन्म 1943 चा, नागपूरचा. औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या, राजदूत आप्पासाहेब पंतांची कन्या. पुणे विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांच्या हाती ॲलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' पडलं आणि वाट बदलली. हवाई विद्यापीठात प्लवकांच्या प्रकाशसंश्लेषणावर काम, लंडनला सागरी शैवालांवर डॉक्टरेट, मग दोनापावला.

हे हार्डी कोण? 1925 ते 1927 दरम्यान ब्रिटिशांच्या 'डिस्कव्हरी' जहाजावर अंटार्क्टिक समुद्रात गेलेले प्राणिशास्त्रज्ञ. देवमाशांची शिकार किती करावी हे ठरवायचं तर देवमासा खातो काय ते कळलं पाहिजे, म्हणून ती मोहीम होती. त्या प्रवासात हार्डींनी एक यंत्र वापरून पाहिलं: पितळी माशासारखी एक पेटी, जहाजाच्या मागे दोरीने ओढत न्यायची. पाणी पुढच्या भोकातून आत शिरतं, आतली रेशमी पट्टी पंख्याच्या गतीने सरकत राहते, प्लवक पट्टीवर अडकतं, वरून दुसरी पट्टी त्याच्यावर झाकण घालते आणि सगळं गुंडाळत फॉर्मलिनच्या टाकीत जातं. पट्टी उलगडली की कुठल्या सागरी मैलावर कोण होतं ते वाचता येतं. 1991 पासून ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने दक्षिण महासागरात हीच यंत्रं ओढली जातात. जपान आणि इतर देशही सोबत आहेत. रेशीम अजून रेशीमच आहे. कारण जाळीचं कापड बदललं तर शंभर वर्षांपूर्वीच्या पट्टीशी आजची पट्टी ताडून पाहता येणार नाही. सहकार्य म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे हस्तांदोलनाचे फोटो येतात. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा असं असतं, सगळ्यांनी एकाच विणीचं रेशीम वापरणं.

पंतांनी तिसऱ्या मोहिमेत प्लवक आणि अन्नसाखळीवर काम केलं, नंतर पुन्हा एकदा अंटार्क्टिकाला गेल्या आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या. त्यांच्या मागून दोनापावल्याच्या जीवशास्त्रज्ञांची रीघ लागली. सहाव्या मोहिमेचं नेतृत्व ए. एच. परुळेकरांकडे होतं. त्यांनी आणि बबन इंगोले यांनी शिर्माखर टापूतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर लिहिलं, त्यात प्रियदर्शिनी तळं आहे. भारताच्या मैत्री स्थानकाचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. मैत्रीचा शेजारी रशियाचं नोवोलाझारेव्स्काया स्थानक. तिथल्या धावपट्टीवर केपटाऊनहून विमानं उतरतात, ती अकरा देशांनी मिळून चालवलेल्या जाळ्यातली. मैत्रीत काम करणाऱ्या भारतीय जीवशास्त्रज्ञाचा नमुना पुण्या-गोव्याला पोहोचतो तो बहुधा रशियन बर्फावरून आणि दक्षिण आफ्रिकेच्या धक्क्यावरून.

पुण्याचं नाव आलं म्हणून एक नियम सांगतो, तो मला फार आवडतो. नवा जिवाणू सापडला आणि त्याला नाव द्यायचं असेल, तर त्याचं जिवंत बियाणं किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत ठेवावं लागतं. 2001 पासून ही सक्ती आहे. एका देशात वीज गेली, युद्ध झालं, नाहीतर कुणी कुलूपच घातलं, तरी दुसरीकडे तो असला पाहिजे. पुण्यातला राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा सूक्ष्मजीव संग्रह असाच एक आंतरराष्ट्रीय मान्यता असलेला ठेवा आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या एस. शिवाजी यांच्या गटाने शिर्माखरच्या मातीतून काढलेला जिवाणू 1992 मध्ये 'स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकस' म्हणून नोंदवला, तेव्हा ही सक्ती नव्हती. भारतातला जिवाणू परदेशी धाडायचा तर जैवविविधता कायदा आड येतो, परवानग्यांत महिने जातात, अशी संशोधकांची जुनी कुरकुर आहे. अंटार्क्टिकाचा जिवाणू तर कुठल्याच देशाचा नाही. त्यातून उद्या औषध निघालं, थंड पाण्यात कपडे धुणारं विकर निघालं, तर पैसा कुणाचा? करार करणारे देश यावर वर्षानुवर्षं चर्चा करतात आणि चर्चा पुढच्या बैठकीवर ढकलतात.

उत्तर ध्रुवाकडे भारताचं 'हिमाद्री' स्थानक 2008 पासून नॉर्वेच्या न्यू-ओलेसुंड या जुन्या कोळसाखाणीच्या वस्तीत आहे, घर नॉर्वेकडून भाड्याने घेतलेलं. समोरच्या कोंग्सफ्योर्डमध्ये अटलांटिकचं ऊबदार पाणी शिरतंय, त्याबरोबर तिथले जीव बदलताहेत. 2014 मध्ये भारताने त्याच खाडीत पाण्याखाली उपकरणांची साखळी सोडली, नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटच्या मदतीने. एका छोट्या खाडीकाठी इतक्या देशांची स्थानकं असली, की तोच नमुना चौघे चारदा काढतात, हाही सहकार्याचा एक चेहरा. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतर मात्र चेहरा पार बदलला. रशियन स्थानकांशी पाश्चात्य संशोधकांचा संपर्क तुटला, आणि सायबेरियाचा प्रचंड टापू आकड्यांतून गळाला. आर्क्टिकच्या जीवसृष्टीचं चित्र त्यामुळे एका बाजूला कलतं, असं 2024 च्या सुरुवातीला 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवून दिलं. दक्षिणेला उलट अनुभव. 2024 च्याच फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर बर्ड फ्लू पोहोचल्याचं पक्कं झालं, ते अर्जेंटिनाच्या प्रिमावेरा तळाजवळ तिथल्या संशोधकांना सापडलेल्या मेलेल्या स्कुआ पक्ष्यांच्या नमुन्यांतून, आणि तपासणी केली स्पॅनिश शास्त्रज्ञांनी. पेंग्विनच्या वसाहतींवर पाळत ठेवायला कुठल्याही एका देशाकडे पुरेसे डोळे नाहीत.

आता क्रिल. देवमाशांचं, सीलचं, पेंग्विनचं मुख्य अन्न, आणि हल्ली माशांच्या खाद्याचा आणि ओमेगा-3 च्या गोळ्यांचा कच्चा माल. त्याची मासेमारी किती करायची हे ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला दरवर्षी ऑक्टोबरात देशांच्या बैठकीत ठरतं, एकमताने. एक जरी देश अडून बसला तरी निर्णय होत नाही. पूर्व अंटार्क्टिकाच्या समुद्रात संरक्षित क्षेत्र करण्याच्या प्रस्तावाला भारताने 2021 मध्ये पाठिंबा दिला; चीन आणि रशिया तयार नाहीत, प्रस्ताव तिथेच आहे. 2025 च्या मोसमात क्रिलच्या पकडीने 6,20,000 टनांची मर्यादा पहिल्यांदाच गाठली आणि मासेमारी ऑगस्टमध्येच बंद करावी लागली.

मुळात समुद्रात क्रिल आहे तरी किती? 2000 च्या जानेवारी-फेब्रुवारीत ब्रिटन, जपान, रशिया आणि अमेरिका यांच्या चार जहाजांनी ठरवून दिलेल्या रेषांवरून, एकाच पद्धतीचे ध्वनियंत्र वापरून, दक्षिण अटलांटिकमधलं क्रिल मोजलं. पुढे सुधारलेल्या हिशेबाने ते सहा कोटी टनांच्या घरात निघालं. 2019 मध्ये नॉर्वेच्या पुढाकाराने पुन्हा मोजणी झाली, तेव्हाही आकडा साधारण तेवढाच. होबार्टच्या टेबलावर अजून हेच आकडे मांडून वाद होतो. या मोजण्यांत भारताचं जहाज नव्हतं.

3 जून 2025 रोजी ऑस्लोमध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी भारताच्या पहिल्या ध्रुवीय संशोधन जहाजासाठी सामंजस्य करार केला. आराखड्याची मदत नॉर्वेची, बांधणी हुगळीच्या काठावर. जीवशास्त्रज्ञांच्या मागण्यांची यादी मला तोंडपाठ सांगता येईल: क्रिल मोजायचा ध्वनिसंच, मोठी जाळी ओढणारी विंच, जिवंत नमुने गार पाण्यात ठेवायच्या टाक्या, आणि लोह मोजायची धातूमुक्त खोली. यातलं काय बसतं आणि काय पैशांअभावी कापलं जातं, ते नकाशे पक्के होताना ठरेल. तीस-चाळीस वर्षं टिकणारं जहाज असतं. एकदा विंचची जागा चुकली की चुकली.

'पोलारस्टर्न' डिसेंबर 1982 मध्ये सेवेत आलं आणि अजून चालू आहे. लोहाफेक्सची माणसं 17 मार्च 2009 ला चिलीच्या पुंता आरेनास बंदरात उतरली. त्यांच्यातल्या तरुणांना तेव्हा दक्षिण महासागरात पुन्हा जायचं तर कुणाच्या तरी जहाजावर बर्थ मागावा लागत होता. अजूनही लागतो.